‘नीलदर्पण’ : गाऱ्हाण्यापासून बंडापर्यंत

एकोणिसाव्या शतकात भारतीय भाषांत लिहिल्या गेलेल्या नाटकांपैकी फारच थोड्या नाटकांनी वृत्तपत्रे, न्यायालय, सचिवालय आणि कायदेमंडळ या चारही ठिकाणी खळबळ उडवून दिली. त्यांत दीनबंधू मित्र यांच्या ‘नीलदर्पण’ या बंगाली नाटकाचे नाव सर्वांत आधी घ्यावे लागते. निळीच्या मळ्यांचे मालक असलेल्या गोऱ्या व्यापाऱ्यांनी बंगालच्या रयतेवर केलेल्या जुलमाचे चित्र रंगवणारे हे पाच अंकी नाटक 1860 साली ढाक्याला छापले गेले, तेव्हा त्यावर लेखकाचे नाव नव्हते. पुढच्याच वर्षी त्याच्या इंग्रजी भाषांतराबद्दल एका मिशनऱ्याला तुरुंगवास झाला, 1872 मध्ये त्याच्या प्रयोगाने तिकीट लावून चालणाऱ्या बंगाली रंगभूमीचा प्रारंभ झाला, आणि त्या रंगभूमीला वेसण घालण्यासाठी 1876 मध्ये केलेला कायदा स्वातंत्र्यानंतरही सत्तर वर्षे रद्द झाला नाही.

वाङ्मयीन गुणवत्तेच्या कसोटीवर मात्र समीक्षकांनी या नाटकाला कधी फार वरचे स्थान दिले नाही. एकामागून एक मृत्यू, काळेकुट्ट खलनायक, सद्गुणांचे पुतळे वाटावेत असे नायक आणि सतत वाहणारे अश्रू यांमुळे ते ‘अतिनाट्य’ ठरते, म्हणजेच भावनांचा अतिरेक करून प्रेक्षकांना हेलावून सोडणाऱ्या, मेलोड्रामा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रकारात मोडते, असा त्यांचा निष्कर्ष होता आणि तो चुकीचा नाही. परंतु नाट्येतिहासातील त्याचे स्थान केवळ संहितेवरून ठरवणे अपुरे आहे. छापील बंगाली पुस्तक म्हणून ते सरकारदरबारी केलेले गाऱ्हाणे होते, इंग्रजी भाषांतर म्हणून ते मळेवाल्यांवरचे आरोपपत्र ठरले, आणि रंगमंचावर उभे राहिल्यावर त्याच संवादांना बंडाचा अर्थ आला. शब्द जवळपास तेच राहिले, समोरचा वाचक-प्रेक्षक बदलत गेला, आणि प्रत्येक बदलाबरोबर राज्यकर्त्यांची अस्वस्थताही वाढत गेली.

निळीची शेती आणि उचलीचा फास

नाटकातील संघर्ष समजण्यासाठी निळीच्या व्यवहाराची तोंडओळख आवश्यक आहे. निळा रंग ज्या झुडपापासून मिळत असे ते बंगालमध्ये नद्यांच्या गाळाच्या जमिनीत पेरले जाई आणि पावसाळ्याचा पूर चढण्याआधी कापून, पेंढ्या बांधून, गाड्यांतून किंवा नावांतून मळेवाल्याच्या कोठीवर पोचवले जाई. कोठीवर एकाखाली एक असे हौद बांधलेले असत; वरच्या हौदात पेंढ्या पाण्यात बुडवून ठेवल्या की काही तासांत त्या आंबत, मग ते हिरवट पाणी खालच्या हौदात सोडून मजुरांकडून घुसळून घेतले जाई, हवा लागून त्यात निळा साका धरे, आणि तो उकळून, दाबून, वड्या कापून, वाळवून पेट्यांत भरला जाई. हा माल कलकत्त्याहून युरोपातील कापडधंद्याकडे जात असे.

मळेवाला स्वतःच्या ताब्यातील जमिनीत मजूर लावून पीक काढी, त्या पद्धतीला ‘निज’ म्हणत, आणि शेतकऱ्याला त्याच्याच जमिनीत नीळ पेरायला लावी, त्या पद्धतीला ‘रयती’ म्हणत. बंगालमध्ये दुसऱ्या पद्धतीचा विस्तार मोठा होता आणि तिचा पाया होता ‘दादन’, म्हणजे आगाऊ उचल. बिघ्यामागे साधारण दोन रुपयांची उचल देऊन शेतकऱ्याकडून करार लिहून घेतला जाई. कित्येकदा करारनाम्याचा कागद कोराच असे आणि मजकूर मागाहून भरला जाई. पीक कोठीवर आले की पेंढ्यांचे माप मळेवाल्याचे नोकर घेत, भाव मळेवाला ठरवी, बियाणे, वाहतूक आणि स्टँपचा खर्च शेतकऱ्याच्या नावे पडे, त्यामुळे हिशेबाच्या शेवटी उचल फिटण्याऐवजी बाकीच निघे आणि ती बापाकडून मुलाकडे वारसाहक्काने जाई. ज्या जमिनीत आणि ज्या हंगामात भाताचे पीक निघायचे, तीच जमीन आणि तोच हंगाम निळीला द्यावा लागत असल्याने घरात धान्याचा तुटवडा पडे, तो वेगळाच. नकार देणाऱ्याला कोठीच्या गुदामात डांबून ठेवणे, लठैत म्हणजे लाठीधारी गुंड पाठवून त्याचे घर लुटणे आणि गुरे हाकून नेणे हे प्रकार सर्रास चालत.

1859 च्या सुमारास नदिया, जेसोर आणि आसपासच्या जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी नीळ पेरण्यास एकजुटीने नकार दिला, आणि इतिहासात ‘निळीचे बंड’ म्हणून ओळखला जाणारा उठाव सुरू झाला. ‘हिंदू पेट्रियट’ या इंग्रजी वृत्तपत्राचे संपादक हरिश्चंद्र मुखर्जी यांनी रयतेची बाजू लावून धरली. सरकारने एकीकडे निळीचा करार मोडणे हा फौजदारी गुन्हा ठरवणारा तात्पुरता कायदा 1860 मध्ये केला, तर दुसरीकडे चौकशीसाठी डब्ल्यू. एस. सीटन-कार यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. पुढे मुंबईचे गव्हर्नर झालेले रिचर्ड टेंपल हेही या आयोगाचे एक सदस्य होते. आयोगासमोर रयत, मळेवाले, मिशनरी आणि अधिकारी अशा अनेकांच्या साक्षी झाल्या, आणि ही पद्धत मुळातच शेतकऱ्याला तोट्याची असून सक्तीवाचून ती टिकू शकत नाही, हे अहवालातून उघड झाले. ‘नीलदर्पण’ त्याच वर्षी प्रसिद्ध झाले. म्हणजे जे वास्तव अहवालात साक्षींच्या रूपाने नोंदले जात होते, तेच जवळपास त्याच वेळी नाटकात पात्रांच्या तोंडून बोलत होते.

लेखक आणि कथानक

दीनबंधू मित्र हे नदिया जिल्ह्यातील चौबेरिया गावचे, शिक्षण कलकत्त्याच्या हिंदू कॉलेजात झालेले आणि टपाल खात्यात अधिकारी म्हणून नोकरी करणारे गृहस्थ होते. कामानिमित्त त्यांना गावोगाव हिंडावे लागे, त्यामुळे निळीच्या कोठ्यांचा कारभार, शेतकऱ्यांची बोली आणि कचेऱ्यांतील व्यवहार त्यांनी जवळून पाहिलेले होते. कादंबरीकार बंकिमचंद्र चट्टोपाध्याय यांनी आपल्या या स्नेह्याच्या लेखनामागे हाच अनुभव आणि दुःखितांविषयीची सहानुभूती असल्याचे नमूद केले आहे. सरकारी चाकरीत असल्याने नाटकावर त्यांनी नाव घातले नाही आणि कर्ता म्हणून कोणा एका पथिकाचा उल्लेख केला.

कथानक स्वरपूर नावाच्या गावात घडते. गोलोक बसू हे तेथील खाऊनपिऊन सुखी असे प्रतिष्ठित गृहस्थ. त्यांना नवीनमाधव आणि बिंदुमाधव असे दोन मुलगे, पत्नी सावित्री, आणि सैरंध्री व सरलता या सुना आहेत. वुड आणि रोग हे दोन गोरे मळेवाले त्यांच्या जमिनीत जबरदस्तीने निळीच्या खुणा करतात, आदल्या वर्षाचे पैसे बुडवतात आणि नवीनमाधव रयतेची बाजू घेतो म्हणून त्याच्या वडिलांवर खोटा खटला भरतात. गोलोकबाबूंना तुरुंगात टाकले जाते आणि अपमान असह्य होऊन ते तेथे गळफास घेतात. वडिलांच्या श्राद्धापर्यंत तरी पेरणी थांबवावी, अशी विनवणी करायला गेलेल्या नवीनमाधवाच्या डोक्यावर घाव बसतो व त्यातच त्याचा अंत होतो. सावित्रीचे भान हरपते, वेडाच्या भरात ती धाकट्या सुनेचा जीव घेते, आणि शुद्धीवर आल्यावर धक्क्याने स्वतःही प्राण सोडते. याच्या जोडीला साधुचरण या शेतकऱ्याच्या कुटुंबाची कथा चालते. त्याची गरोदर मुलगी क्षेत्रमणी हिला रोग साहेबाची माणसे पळवून कोठीवर नेतात, तिची सुटका होते खरी, परंतु झालेल्या मारहाणीतून ती वाचत नाही.

दोन प्रसंगांवरून या नाटकाची ताकद लक्षात येते. पहिला आहे फौजदारी कचेरीचा. पडदा उघडतो तेव्हा मॅजिस्ट्रेट आसनावर असतो आणि त्याच्याबरोबर वुड आणि रोगही बसलेले असतात. आरोपी पिंजऱ्यात, त्याचा वकील उभा, आणि फिर्यादी न्यायाधीशाच्या पंगतीला, ही केवळ बैठकीची मांडणी पाहून निकाल काय लागणार हे प्रेक्षकाला आधीच कळते. दुसरा प्रसंग कोठीतील खोलीचा. पदी नावाची कुंटीण क्षेत्रमणीला तेथे आणून सोडते. रोग साहेब अंगावर येतो तेव्हा ती मुलगी त्याला बाप म्हणून हाक मारते, आपण त्याची लेक आहोत असे सांगते, आणि त्याने पोटावर मारलेल्या बुक्कीने कळवळते. त्याच क्षणी खिडकी फोडून नवीनमाधव आणि तोराप आत शिरतात. तोराप हा मुसलमान शेतकरी. खोटी साक्ष द्यावी म्हणून गुदामात कोंडून त्याचा छळ झालेला असतो, मळेवाल्यांच्या ज्या चामडी वादीला ‘श्यामचाँद’ असे चेष्टेचे नाव होते तिचा मार त्याने ओळखलेला असतो, आणि आता साहेबाची मानगूट त्याच्या हातात आलेली असते. तो रोगला यथेच्छ बदडतो, तर नवीनमाधव त्याला आवरतो.

गुण आणि दोष

अतिनाट्याचा प्रकार फ्रेंच राज्यक्रांतीनंतरच्या पॅरिसमध्ये आकाराला आला. पिक्सरेकूर या नाटककाराच्या 1800 सालच्या ‘सेलिना’ या नाटकावरून थॉमस हॉलक्रॉफ्ट याने ‘अ टेल ऑफ मिस्टरी’ हे नाटक बेतले, आणि 1802 मध्ये ते लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये झाले, तेव्हापासून तो प्रकार इंग्रजी रंगभूमीवर रुजला. पाठलाग होणारी निष्पाप स्त्री, तिच्या मागे लागलेला धनवान दुर्जन, शेवटच्या क्षणी धावून येणारा रक्षक, कडेलोटाचे प्रसंग आणि भावनेला उठाव देणारे संगीत हा त्याचा ठरलेला साचा होता. इंग्रजी शिकलेल्या कलकत्तेकरांना हा साचा अपरिचित नव्हता. त्याच वेळी मोकळ्या जागेत, मोठ्या आवाजात, गाणे आणि विलाप यांच्या आधारे चालणाऱ्या ‘जात्रा’ या बंगाली लोकनाट्यानेही प्रेक्षकांना उत्कट भावनेची सवय लावलेली होती. ‘नीलदर्पण’मध्ये या दोन्हींचे पाणी मिसळले आहे. रंगमंचावर मृत्यू दाखवणे टाळणाऱ्या आणि शेवट गोड करणाऱ्या संस्कृत नाट्यसंकेताकडे मात्र लेखकाने सरळ पाठ फिरवली आहे.

भाषेच्या बाबतीत नाटक दुभंगलेले आहे. बसू कुटुंबातील सुशिक्षित पात्रे संस्कृतप्रचुर, ताठर गद्यात बोलतात आणि ऐन शोकाच्या क्षणीही त्यांची वाक्ये समासांनी जड होतात. उलट तोराप, साधुचरणचा भाऊ रायचरण, क्षेत्रमणी, पदी आणि कोठीवरचे नोकर जिल्ह्याच्या अस्सल बोलीत, शिव्या आणि म्हणी यांसकट बोलतात आणि ती पात्रे जिवंत वाटतात. त्यामुळे ज्यांना नायक-नायिका म्हणून योजले ती पात्रे फिकी पडतात आणि दुय्यम म्हणून आलेला तोराप नाटक खाऊन टाकतो. हा तोल लेखकाच्या हेतूने ठरलेला नव्हता, हे प्रस्तावनेवरून दिसते; तेथे राणी व्हिक्टोरियाच्या दयाळूपणाचा आणि न्यायी अधिकाऱ्यांचा गौरव असून मळेवाल्यांनी इंग्रजांच्या नावाला लावलेला कलंक धुऊन काढावा, अशी अपेक्षा व्यक्त झाली आहे. म्हणजे लेखकाच्या दृष्टीने दोष राज्याचा नव्हता, राज्याच्या छत्राखाली माजलेल्या काही धनदांडग्यांचा होता. इतिहासकार रणजित गुहा यांनी 1974 साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात नेमके यावरच बोट ठेवले. हे नाटक शेतकऱ्यांच्या बंडाचे प्रतिबिंब दाखवते खरे, पण आरसा मात्र कायद्यावर आणि सरकारच्या न्यायबुद्धीवर विसंबणाऱ्या मध्यमवर्गीय भद्रलोकांचा आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते.

हे प्रतिपादन पुस्तकापुरते मान्य करावे लागते. पण अतिनाट्याचा एक गुण त्यात नजरेआड होतो. दादन, करार, माप आणि बाकी ही गुंतागुंत आयोगाच्या अहवालात कितीही चोख मांडली, तरी तिचा दंश सामान्य माणसाला जाणवत नाही. तीच गोष्ट एका घराच्या उद्ध्वस्त होण्यातून आणि एका मुलीच्या किंकाळीतून समोर आली की कोण जुलमी आणि कोण पीडित याबद्दल संभ्रम उरत नाही. बंकिमचंद्रांनी या नाटकाची तुलना अमेरिकेतील गुलामगिरीवर आघात करणाऱ्या ‘अंकल टॉम्स केबिन’ या कादंबरीशी केली, ती याच अर्थाने सार्थ आहे.

भाषांतर, खटला आणि तुरुंगवास

बंगाली पुस्तकाविरुद्ध मळेवाल्यांनी न्यायालय गाठले नव्हते. इंग्रजी भाषांतर निघाल्यावर मात्र त्यांच्या पायाखालची वाळू सरकली. मूळचे आयर्लंडचे आणि 1840 पासून कलकत्त्यात राहणारे चर्च मिशनरी सोसायटीचे धर्मोपदेशक जेम्स लाँग हे बंगाली ग्रंथांच्या सूची तयार करणारे अभ्यासक होते, आणि देशी भाषांतून लोक काय लिहितात हे सरकारने वाचावे, असा त्यांचा आग्रह असे. निळीच्या आयोगाचे अध्यक्ष राहिलेले सीटन-कार तेव्हा बंगाल सरकारचे सचिव होते. त्यांच्या पुढाकाराने भाषांतराच्या 500 प्रती छापल्या गेल्या आणि त्यांतील 202 प्रती सरकारी टपालाने इंग्लंडमधील आणि भारतातील वजनदार व्यक्तींकडे गेल्या. भाषांतरकाराचे नाव पुस्तकावर नव्हते, तेथे केवळ ‘एक एतद्देशीय’ असा उल्लेख होता; परंपरेने ते काम कवी मायकेल मधुसूदन दत्त यांचे मानले जाते, पण याबाबत अभ्यासकांत एकमत नाही.

सरकारी शिक्क्यानिशी आपली बदनामी विलायतेत पोचली, याचा मळेवाल्यांना आणि प्रस्तावनेत मळेवाल्यांना विकले गेल्याचा ठपका आलेल्या दोन इंग्रजी वृत्तपत्रांना संताप आला. मुद्रकाने लाँग यांचे नाव सांगितले, लाँग यांनी इतर कोणाचेही नाव उघड करण्यास नकार दिला, आणि जुलै 1861 मध्ये कलकत्त्याच्या सुप्रीम कोर्टात सर मॉर्डंट वेल्स यांच्यासमोर अब्रुनुकसानीचा फौजदारी खटला उभा राहिला. ज्यूरीने दोषी ठरवल्यावर लाँग यांना एक महिन्याची कैद आणि 1000 रुपये दंड झाला. दंडाची रक्कम महाभारताचे बंगाली गद्य भाषांतर करवून घेणारे कालीप्रसन्न सिंह यांनी तेथल्या तेथे भरली. सीटन-कार यांना सचिवपद सोडावे लागले. न्यायमूर्ती वेल्स यांनी न्यायासनावरून बंगाली समाजाविषयी वेळोवेळी काढलेल्या उद्गारांच्या निषेधार्थ कलकत्त्यातील प्रतिष्ठितांची मोठी सभा भरली. एका नाटकाच्या निमित्ताने सरकार, मळेवाले, मिशनरी आणि सुशिक्षित भारतीय यांच्यातील ताण असा चव्हाट्यावर आला. मूळ लेखकाला मात्र कोणी हात लावला नाही, उलट पुढे 1871 मध्ये टपाल खात्यातील कामगिरीबद्दल त्यांना रायबहादूर हा किताब मिळाला.

तिकिटाची रंगभूमी

तोपर्यंत कलकत्त्यातील बंगाली नाटक हे जमीनदारांच्या आणि बड्या व्यापाऱ्यांच्या वाड्यांत, आमंत्रितांपुरते होणारे करमणुकीचे साधन होते. बागबाजार भागातील मध्यमवर्गीय तरुणांच्या एका हौशी मंडळीने ही चौकट मोडण्याचे ठरवले आणि ‘नॅशनल थिएटर’ असे नाव घेऊन 7 डिसेंबर 1872 रोजी जोडासांको येथील मधुसूदन सान्याल यांच्या वाड्याच्या चौकात ‘नीलदर्पण’चा प्रयोग लावला. तिकिटाचे दर एक रुपया आणि आठ आणे असे होते. ज्याच्या खिशात पैसे आहेत त्याला जात, ओळख किंवा आमंत्रण न विचारता आत सोडले जाणार होते. मुंबईत विष्णुदास भावे यांनी ग्रँट रोडच्या नाट्यगृहात 1853 मध्येच तिकीट लावून मराठी नाटके केलेली होती, त्यामुळे भारतीय भाषांतील हा पहिलाच असा प्रयत्न नव्हे. परंतु भावे यांचे प्रयोग पौराणिक आख्यानांचे होते, आणि कलकत्त्यातील मंडळींनी पहिल्याच पावलाला समकालीन, वादग्रस्त आणि गोऱ्या लोकांना झोंबणारा विषय निवडला, हा फरक महत्त्वाचा आहे.

प्रयोगात स्त्रीभूमिका पुरुषांनीच केल्या; अमृतलाल बसू यांनी सैरंध्री केली, मोतीलाल सूर यांनी तोराप, तर अर्धेंदुशेखर मुस्तफी यांनी गोलोक बसू, वुड साहेब, सावित्री आणि एक रयत अशा चार भूमिका एकाच रात्री केल्या. मंडळीतील सर्वांत समर्थ नट गिरीशचंद्र घोष यांनी पुरेशा साधनांवाचून ‘नॅशनल’ हे भारदस्त नाव घेण्यास विरोध करून सुरुवातीला अंग काढून घेतले होते, मात्र काही महिन्यांतच ते परतले आणि वुडची भूमिका करू लागले. प्रेक्षकांत बसलेल्या ईश्वरचंद्र विद्यासागरांनी खलनायकाचा जुलूम पाहून संतापाने आपली चप्पल मुस्तफींच्या दिशेने भिरकावली आणि त्यांनी ती सर्वोच्च पारितोषिक म्हणून मस्तकी लावली, अशी आख्यायिका बंगालमध्ये सांगितली जाते. ती खरी मानली नाही तरी प्रयोगाचा परिणाम लोकांच्या मनात कसा राहिला, हे तीतून कळते. ‘इंग्लिशमन’ या वृत्तपत्राला मात्र तो परिणाम नकोसा झाला, आणि ज्या नाटकाच्या भाषांतराबद्दल एका पाद्र्याला तुरुंगात जावे लागले त्याचा प्रयोग सरकार कलकत्त्यात होऊच कसा देते, असा सवाल त्याने केला.

या सवालाचे उत्तर 1875 मध्ये लखनौला मिळाले. ‘ग्रेट नॅशनल थिएटर’ ही मंडळी उत्तर भारताच्या दौऱ्यावर असताना तेथे ‘नीलदर्पण’चा प्रयोग लागला आणि प्रेक्षकांत बरेच युरोपीय होते. त्या दौऱ्यात किशोरवयात काम करणाऱ्या, पुढे बंगाली रंगभूमीच्या श्रेष्ठ अभिनेत्री ठरलेल्या विनोदिनी दासी यांनी आत्मचरित्रात ही हकिगत दिली आहे. तोराप रोग साहेबाला बडवू लागताच काही गोरे प्रेक्षक उठून रंगमंचाकडे धावले, प्रयोग बंद पडला, नट-नटींना जीव मुठीत धरून बाहेर पडावे लागले आणि मंडळीने लखनौ सोडले. छापील नाटकात नवीनमाधव तोरापला आवरतो, त्यामुळे वाचकाच्या मनावर संयमाचा ठसा राहतो. रंगमंचावर मात्र आवरण्याआधीचे ठोसे दिसतात, एका काळ्या माणसाने गोऱ्या माणसाला लोळवलेले शेकडो जण एकत्र बसून पाहतात, टाळ्या वाजवतात, आणि हे दृश्य पुन्हा पुन्हा, गावोगाव दाखवता येते. लेखकाने राणीच्या दयेची याचना केली होती. नटांनी तोरापच्या मुठीला नायकपद दिले.

1876 चा कायदा आणि त्याची सावली

‘नीलदर्पण’नंतर ‘दर्पण’ नाटकांची माळच लागली. मीर मुशर्रफ हुसेन यांचे ‘जमीदार दर्पण’ 1873 मध्ये आले, चहामळ्यांतील मजुरांच्या हालांवरचे ‘चा-कर दर्पण’ 1875 मध्ये आले, आणि बडोद्याचे मल्हारराव गायकवाड यांच्यावर विषप्रयोगाच्या आरोपावरून चाललेल्या खटल्यावर अमृतलाल बसू यांनी ‘हीरकचूर्ण’ लिहिले. ठिणगी पडली ती मात्र एका प्रहसनाने. प्रिन्स ऑफ वेल्स यांना एका नामांकित वकिलाने आपल्या घराच्या जनानखान्यात नेऊन स्वागत केल्याच्या प्रसंगावर ‘गजदानंद ओ युवराज’ हे प्रहसन फेब्रुवारी 1876 मध्ये झाले, पोलिसांनी ते थांबवल्यावर ‘ग्रेट नॅशनल’ मंडळीने पोलीस अधिकाऱ्यांचीच खिल्ली उडवली, आणि व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रुक यांनी 29 फेब्रुवारीला वटहुकूम काढला. मार्चमध्ये दिग्दर्शक उपेंद्रनाथ दास आणि अमृतलाल बसू यांच्यासह अनेकांना दुसऱ्याच एका नाटकातील अश्लीलतेच्या आरोपाखाली अटक झाली; खालच्या न्यायालयाने दोघांना दिलेली शिक्षा उच्च न्यायालयाने रद्द केली. तरीही त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये ‘नाट्यप्रयोग कायदा’ संमत झाला. बदनामीकारक, सरकारविषयी अप्रीती निर्माण करणारा किंवा नीती बिघडवणारा वाटेल तो प्रयोग मनाई करण्याचा, संहिता मागवण्याचा आणि मनाई मोडणाऱ्यांना तीन महिन्यांपर्यंत कैद देण्याचा अधिकार सरकारला मिळाला. विधेयकाच्या चर्चेत ‘चा-कर दर्पण’चा उल्लेख झाला, यावरून मळेवाल्यांवरच्या नाटकांचे शल्य सोळा वर्षांनीही गेले नव्हते, हे स्पष्ट होते.

या कायद्याचा परिणाम असा झाला की समकालीन जुलमाचे सरळ चित्रण मागे पडले आणि नाटककारांनी पुराण व इतिहास यांचा बुरखा पांघरला. महाराष्ट्रात याचे ठळक उदाहरण म्हणजे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे ‘कीचकवध’. 1907 मध्ये रंगभूमीवर आलेल्या या नाटकातील कीचकात प्रेक्षकांनी लॉर्ड कर्झन ओळखला आणि सरकारने 1910 मध्ये त्यावर बंदी घातली. ‘नीलदर्पण’च्या पाच वर्षे आधी, 1855 मध्ये, जोतीराव फुले यांनी ‘तृतीय रत्न’ या नाटकात एका गरीब कुणबी जोडप्याची भिक्षुकाकडून होणारी लुबाडणूक रोखठोक बोलीत मांडली होती. परंतु दक्षिणा प्राइझ कमिटीने ते नाकारले आणि त्या काळात त्याला रंगमंच लाभला नाही. शेतकऱ्याच्या शोषणावरचे नाटक लिहिले जाणे आणि ते प्रेक्षकांसमोर उभे राहणे यांत किती अंतर असते, हे या दोन नाटकांची नशिबे शेजारी ठेवली की कळते.

बंगालमध्ये 1944 साली दुष्काळावरचे ‘नवान्न’ हे नाटक आले, ते सादर करणाऱ्या भारतीय जननाट्य संघाने ‘नीलदर्पण’चीच वाट पुढे चालवली, योगायोग असा की 1876 च्या कायद्याला स्वतंत्र भारतात मोठे आव्हानही या संघाच्याच लखनौमधील एका प्रयोगावरून मिळाले आणि 1956 मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने तो कायदा घटनाविरोधी ठरवला. संसदेने तो औपचारिकरीत्या रद्द केला 2018 च्या प्रारंभी.

‘नीलदर्पण’ ही श्रेष्ठ शोकांतिका नव्हे. तिची रचना सैल आहे, तिचे सज्जन निर्जीव आहेत आणि तिचा राजकीय विचार विनवणीच्या पलीकडे जात नाही. तरीही भारतीय नाट्येतिहासात तिचे स्थान पक्के आहे, कारण नाटकाचा अर्थ लेखकाच्या हेतूवर थांबत नसून तो नट आणि प्रेक्षक मिळून पुढे नेतात, हे तिने वसाहतवादी सत्तेला आणि रंगकर्मींना एकाच वेळी शिकवले. सत्तेने त्यातून घेतलेला धडा आजही पुरता विसरला गेलेला नाही: महाराष्ट्रात सार्वजनिक प्रयोगापूर्वी नाटकाची संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवावी लागते.